मोटारीच्या आतील सफाई : नवशिक्या कारागिराने आधी काय शिकावे?

मोटारीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागिरांचा हात फार जुना आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जा की पुण्याच्या नाना पेठेत, सुटे भाग विकणारे, डेंटर, पेंटर, कुशनवाले, बॅटरीवाले आणि ए.सी. दुरुस्त करणारे यांत आपली माणसे मोठ्या संख्येने भेटतात. आता या जुन्या धंद्यांच्या शेजारी एक नवे काम उभे राहिले आहे. त्याला डिटेलिंग म्हणतात. गाडी नुसती बाहेरून धुणे नव्हे, तर आतील सीट, छत, गालिचा, डॅशबोर्ड, काचा अशा प्रत्येक भागाची नीट, शिस्तीत सफाई करणे म्हणजे डिटेलिंग. या कामाला मोठे भांडवल लागत नाही, मोठी जागाही लागत नाही. म्हणून आपले अनेक होतकरू तरुण त्याच्याकडे वळत आहेत.

पण आमच्या पाहण्यात असे आले आहे की, यांतील बहुतेक मुले हे काम मोबाईलवर पाहून शिकतात. तेथे फेस दिसतो, चमक दिसते, आधीचे आणि नंतरचे चित्र दिसते. धोका मात्र दिसत नाही. वास्तविक मोटारीचा आतील भाग ही घरातील खोली नव्हे. त्यात विजेच्या तारा आहेत, स्फोटाने फुगणाऱ्या पिशव्या आहेत, माणसाचा जीव सांभाळणारे पट्टे आहेत. शिवाय ती गाडी आपली नव्हे, ती गिऱ्हाईकाची अमानत आहे. म्हणून चमक कशी आणावी हे शिकण्यापूर्वी नुकसान कसे होऊ देऊ नये, हे शिकणे भाग आहे. या लेखात आम्ही तोच धडा क्रमाने मांडत आहोत.

एका मुलाची हकीकत

आमच्या ओळखीतील एका मुलाने घराखालीच हे काम सुरू केले. पाचव्या की सहाव्या गाडीला त्याने पुढची सीट खोलली. खालचा गालिचा चांगला निघावा, एवढाच त्याचा हेतू होता. सीटखाली पिवळ्या रंगाचा एक प्लग होता, तो त्याने ओढून काढला. मग गाडी सावलीत घेण्यासाठी चावी फिरवली, तो डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला. प्लग पुन्हा जोडला तरी दिवा विझेना. शेजारच्या एकाने सल्ला दिला, "दिव्यावर काळी पट्टी लाव, गिऱ्हाईकाला काय समजते?"

मुलाने तसे केले नाही. त्याने मालकाला फोन करून खरे सांगितले, गाडी वर्कशॉपमध्ये नेऊन यंत्रावर तपासून घेतली आणि बिल स्वतः भरले. चार गाड्यांची कमाई त्यात गेली. तो दिवा दाबून टाकला असता तर कदाचित कोणाला कळलेही नसते. पण अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडली नसती आणि एखाद्या घरातला कर्ता माणूस गेला असता, तर त्याचा जाब कोणी दिला असता? आज तेच मालक आपल्या सगळ्या गाड्या त्याच मुलाकडे पाठवतात. ही हकीकत आम्ही मुद्दाम आधी सांगितली, कारण या धंद्यात पणाला काय लागते ते तिच्यात आले आहे.

पहिला धडा : काय उघडायचे नाही

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. पुढे चालकाशेजारच्या सीटसाठीही ती सक्तीची करण्यात आली. अनेक गाड्यांत सीटच्या बाजूला आणि छताच्या कडेलाही एअरबॅग असतात. जेथे एअरबॅग असते तेथे 'एअरबॅग' किंवा 'एस.आर.एस.' अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली किंवा शिवलेली असतात. गाडी हाती येताच ही अक्षरे कोठे कोठे आहेत ते पाहून घ्यावे. स्टिअरिंगचा मधला भाग, डॅशबोर्डची डावी बाजू, पुढील सीटच्या पाठीची दाराकडील कड आणि दारांमधील खांब येथे ती बहुधा सापडतात.

अशा जागी पाणी ओतू नये, वाफ मारू नये, ब्रश जोराने घासू नये. ओलसर फडक्याने पुसावे, इतकेच. पिवळ्या रंगाची तार किंवा प्लग दिसला तर तो बहुधा एअरबॅगचा असतो, त्याला हात लावू नये. विजेवर किंवा हायब्रीडवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी रंगाची जाड केबल असते. तिच्यात जीवघेण्या दाबाची वीज असते, तिच्यापासून दूरच राहावे.

नवशिक्याने सीट खोलूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीट पूर्ण पुढे सरकवून मागचा भाग आणि पूर्ण मागे सरकवून पुढचा भाग साफ होतो. सीटचे आणि पट्ट्याचे बोल्ट ठरावीक जोराने आवळलेले असतात. ते ढिले राहिले तर धक्क्याच्या वेळी सीटच निखळते.

येथे कुशनवाल्या बंधूंनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या सीटच्या कडेला एअरबॅग आहे तिच्यावर साधे घट्ट कव्हर चढवले, तर पिशवी वेळेवर बाहेर येऊ शकत नाही. अशा सीटसाठी त्या कडेला मोकळी जागा सोडलेले किंवा दाब येताच उसवणाऱ्या खास शिलाईचे कव्हरच वापरावे लागते. गिऱ्हाईक स्वस्तातले मागत असेल तरी हे त्याला समजावून सांगावे.

दुसरा धडा : रसायनाची ओळख

रसायनाची बाटली हातात घेतली की आधी तिच्यावरील मजकूर वाचावा. वाचता येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावा, त्यात कमीपणा नाही. बिननावाच्या बाटलीतले, सुट्टे मिळणारे रसायन स्वस्त पडते, पण त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पाणी मिसळण्याचे प्रमाण नीट समजून घ्यावे. बाटलीवर १:१० लिहिले असेल तर त्याचा अर्थ एक भाग रसायन आणि दहा भाग पाणी. म्हणजे एक लिटर पाण्यात १०० मिलीलिटर. अर्धा लिटरची फवारणीची बाटली भरायची असेल तर सुमारे ४५ मिलीलिटर रसायन घालून उरलेली बाटली पाण्याने भरावी. आधी पाणी, मग रसायन, म्हणजे फेस कमी होतो आणि डोळ्यांत उडत नाही. प्रमाण अंदाजाने घेऊ नये, खुणा असलेले माप वापरावे. रसायन जास्त घातल्याने सफाई जास्त होते हा भ्रम आहे. जास्त रसायन कापडात राहते, चिकट होते आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. तयार केलेल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावून नाव आणि प्रमाण लिहावे. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत रसायन कधीही ठेवू नये. घरात लहान मुले असतात.

काही गोष्टी कधीही करू नयेत, त्या पाठ करून ठेवाव्यात.

१) संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो फुफ्फुसे जाळतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरमध्येही ब्लीच मिसळू नये, त्यातूनही विषारी वायू निघतो. मोटारीच्या आत ॲसिड आणि ब्लीच या दोन्हींचे काम नाहीच.

२) डांबराचा किंवा गोंदाचा डाग काढण्यासाठी पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. त्यांची वाफ हवेहून जड असते, ती गाडीच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने पेटते. अशा ओल्या जागेवर व्हॅक्युम यंत्र तर मुळीच फिरवू नये, कारण त्याच्या मोटरमध्ये ठिणग्या पडतात. थिनरने प्लास्टिकही पांढरे पडते.

३) स्पिरिटयुक्त सॅनिटायझर बंद गाडीत फवारू नये. तोही ज्वालाग्राही आहे. डॅशबोर्डचा आणि चामड्याचा रंगही त्याने उडतो.

४) दाबाने भरलेले फवाऱ्याचे डबे उन्हातल्या गाडीत ठेवून जाऊ नये. उन्हात काचा बंद असलेली गाडी तासाभरात भट्टीसारखी तापते आणि असा डबा फुटू शकतो.

तिसरा धडा : स्वतःचा जीव

कारागीर टिकला तर धंदा टिकेल. काम करताना रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत. फवारणी करताना डोळ्यांवर साधा चष्मा असावा. धूळ आणि बुरशी काढताना तोंडावर मास्क असावा, रुमाल बांधणे पुरेसे नाही. चारही दारे उघडी ठेवूनच काम करावे.

शटर बंद करून आत गाडीचे इंजिन चालू ठेवू नये. "ए.सी. लावून बसतो, गरमी होते" म्हणून अनेक जण ही चूक करतात. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि तो पुन्हा उठत नाही.

वास घालवण्यासाठी काही जण ओझोनचे यंत्र लावतात. ओझोन श्वासातून गेला तर फुफ्फुसांना अपाय होतो. यंत्र चालू असताना गाडीत कोणी बसू नये आणि नंतर दारे उघडून गाडी पुरेशी हवेशीर करावी. नवशिक्याने त्या यंत्राच्या मागे न लागता वासाचे मूळ शोधावे, हे उत्तम.

विजेचे काम आणि पाणी एकाच जागी असते, म्हणून अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग वापरावा. ३० मिलिॲम्पिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. शरीरातून वीज जाऊ लागताच तो क्षणात पुरवठा तोडतो. एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जमिनीवर न ठेवता उंच टांगावा आणि पायांत रबरी चप्पल किंवा बूट असावेत. पाणी ओढण्यासाठी ओले-कोरे असे दोन्ही प्रकारचे व्हॅक्युम यंत्रच लागते. साध्या घरगुती यंत्राने पाणी ओढले तर यंत्र जळेल आणि शॉकही बसेल.

सीटखाली किंवा सीटच्या फटीत उघडा हात घालू नये. आधी बॅटरीच्या उजेडात पाहावे. ब्लेड, टाचणी, फुटलेली काच, इंजेक्शनची सुई असे काहीही तेथे असू शकते.

डोळ्यांत रसायन गेल्यास चोळू नये. स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवावा आणि बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दुकानात कोरड्या पावडरीचा ए.बी.सी. प्रकारचा अग्निशामक ठेवावा आणि तो कसा चालवतात ते आधीच शिकून घ्यावे.

रमजानमध्ये आणखी काळजी घ्यावी. रोजा असताना भर उन्हात, रसायनाच्या वासात काम केल्याने चक्कर येते. त्या महिन्यात जड काम सकाळी उरकावे आणि दुपारी हलके काम ठेवावे.

चौथा धडा : कामाचा क्रम

या कामाचा नियम दोन ओळींत सांगता येतो. वरून खाली यावे आणि आधी कोरडे काम, मग ओले. हा क्रम मोडला की केलेले काम पुन्हा करावे लागते.

गाडी येताच मालकासमोर तिला एक फेरी मारावी. आधीचे ओरखडे, फाटलेले कापड, तुटलेली बटणे आणि डॅशबोर्डवर लागलेले दिवे पाहावेत, फोटो काढावेत आणि ते मालकाला दाखवावेत. कागदपत्रे, पैसे, दागिने मालकाने स्वतः काढून न्यावेत. डॅशबोर्डवर कुराणाची आयत असो, गणपतीची मूर्ती असो किंवा क्रूस असो, तो आपण उचलू नये. मालकाला अदबीने सांगावे, "साहेब, हे आपल्या हाताने काढून ठेवा." एवढ्या एका वाक्याने गिऱ्हाईकाच्या मनात आपल्याविषयी जागा होते. सफाई करताना सीटखाली एक रुपया जरी सापडला तरी तो पिशवीत घालून गाडीसोबत परत द्यावा.

त्यानंतर इंजिन बंद करून चावी काढावी. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर चावी गाडीपासून दूर ठेवावी. मॅट बाहेर काढून झटकावेत. मऊ ब्रशने ए.सी.च्या जाळ्या, बटणांच्या फटी आणि शिलाया यांतील धूळ मोकळी करावी व त्याच वेळी व्हॅक्युमने ओढावी. मग सीट, फटी, गालिचा आणि डिकी या क्रमाने कोरडी सफाई पूर्ण करावी. घाई न करता यावर अर्धा-पाऊण तास द्यावा. जेवढी माती कोरडी निघेल तेवढा चिखल कमी होईल.

छत हा सर्वांत नाजूक भाग. त्याचे कापड फोमवर गोंदाने चिकटवलेले असते. ते भिजले की गोंद सुटतो आणि छत लोंबू लागते. म्हणून छतावर फवारा मारू नये. फडक्यावर थोडे रसायन घेऊन एकाच दिशेने हलके पुसावे.

डॅशबोर्ड, बटणे आणि दारांची आतील बाजू येथेही फवारा थेट मारू नये. रसायन बटणांच्या फटीतून विजेच्या भागांत जाते. मायक्रोफायबर फडक्यावर फवारावे आणि मग पुसावे. स्क्रीनसाठी किंचित ओलसर, स्वच्छ फडके पुरते. त्यावर अमोनियाचे काच-क्लीनर लावू नये.

कापडी सीट साफ करताना आधी लपलेल्या जागी रसायनाचा थेंब लावून दहा मिनिटे थांबावे. रंग सुटत नसेल तरच पुढे जावे. हलका फवारा मारून मऊ ब्रशने फेस करावा, फडक्याने टिपावे आणि व्हॅक्युमने पाणी ओढावे. सीट पाण्याने भिजवून टाकू नये. तिच्या पोटात माणूस बसल्याचे ओळखणारा सेन्सर, तारा आणि काही गाड्यांत पंखाही असतो. फोममध्ये पाणी राहिले की दोन दिवसांत कुबट वास सुटतो. चामड्याच्या सीटला चामड्यासाठीचेच सौम्य क्लीनर वापरावे. रेक्झीनला सौम्य साबणपाणी चालते.

सीट-बेल्टची गोष्ट वेगळीच. तो पूर्ण ओढून क्लिप लावून धरावा आणि फक्त सौम्य साबण व कोमट पाण्याने पुसावा. ब्लीच, रंग किंवा तीव्र रसायन लावल्यास त्याचे धागे आतून कमकुवत होतात. वरून पट्टा नवा दिसतो आणि धक्क्याला तुटतो. पूर्ण वाळल्याशिवाय त्याला आत जाऊ देऊ नये.

काचा सर्वांत शेवटी. मागील काचेवर बारीक तांबूस रेषा असतात, त्या धुके घालवण्यासाठीच्या तारा होत. तेथे ब्लेड लावू नये आणि रेषांच्या दिशेनेच पुसावे.

चमक आणणारे सिलिकॉनचे तेलकट पॉलिश स्टिअरिंग, पेडल आणि गिअरच्या दांड्याला कधीही लावू नये. ब्रेकवरून पाय घसरला तर काय होईल याचा विचार करावा. डॅशबोर्डवरही फार चमक नको. दुपारच्या उन्हात तिचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि चालकाला रस्ता दिसत नाही. गिऱ्हाईक चमक मागेल, तेव्हा त्याला हे कारण सांगावे. शहाणा माणूस मान्य करतो.

पाचवा धडा : आपल्याकडील डाग

परदेशी चित्रफितींत कॉफीचे डाग असतात. आपल्याकडे हळद, पान, दूध, मेंदी आणि अत्तर असते. त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.

हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो. घाबरू नये, क्षाराने हळद लाल होतेच. साबण पाण्याने काढून घ्यावा. उरलेला पिवळेपणा ऊन लागून हळूहळू फिका पडतो. दूध, रक्त आणि अंडे यांना आधी थंड पाणी लावावे. गरम पाण्याने त्यांतील प्रथिने कापडात पक्की बसतात. दुधाचा किंवा उलटीचा वास असेल तर एन्झाइम असलेले क्लीनर उपयोगी पडते. रक्त आणि उलटी हातमोजे घालूनच काढावी व वापरलेली फडकी इतर फडक्यांत मिसळू नयेत.

बिर्याणीच्या डेगीतून सांडलेल्या तुपाचा डाग आधी टिश्यूने किंवा कोऱ्या फडक्याने टिपावा, घासू नये. मग सौम्य साबण लावावा. पान-गुटख्याचा जुना डाग आणि मेंदीचा डाग पूर्ण निघेलच याची खात्री देऊ नये. "होईल तेवढे करतो, फिका पडेल" असे आधीच सांगावे. अत्तराची किंवा मोटारीच्या सुगंधाची बाटली प्लास्टिकवर सांडली असेल तर त्या जागी प्लास्टिक विरघळून खरबरीत होते. ते सफाईने भरून येत नाही. हे फोटोत आधीच नोंदवावे, नाहीतर दोष आपल्या माथी येतो.

पुरात बुडालेली गाडी नवशिक्याने घेऊ नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा पाण्यात गटाराची घाण आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. त्या गाड्यांची वीजव्यवस्था आधी मेकॅनिकने तपासायला हवी. विजेवर चालणारी बुडालेली गाडी तर कंपनीच्या माणसाशिवाय कोणी उघडूच नये.

सहावा धडा : वाळवणे आणि वचन

अर्धवट वाळलेली गाडी परत देणे हा या धंद्यातील सर्वांत सामान्य दोष आहे. जुम्याच्या नमाजला जायचे म्हणून गिऱ्हाईक पांढरे कपडे घालून येते, सीटवर बसते आणि कपडे ओले करून घेते. मग ते पुन्हा येत नाही. दारे उघडी ठेवून पंखा लावावा. उन्हाळ्यात तीन-चार तास आणि पावसाळ्यात त्याहून पुष्कळ जास्त वेळ धरून चालावे. पावसाळ्यात गालिच्याखाली हात घालून ओल तपासावी. सकाळी घेतलेली गाडी संध्याकाळी देतो म्हणावे आणि दुपारी तयार झाली तर फोन करावा. दुपारचे वचन देऊन संध्याकाळ करू नये.

ईद, दसरा, दिवाळी आणि लग्नसराई या दिवसांत गाड्यांची गर्दी होते. दिवसाला दोन गाड्या नीट होत असतील तर तिसरी घेऊ नये.

हिशेब आणि भांडवल

सुरुवातीला ओले-कोरे व्हॅक्युम, चार-पाच मऊ ब्रश, दोन डझन मायक्रोफायबर फडकी, दोन-तीन चांगली रसायने, हातमोजे, मास्क आणि पंखा एवढे सामान पुरते. वाफेचे यंत्र आणि मोठी मशीन नंतर. छत, सीट, डॅशबोर्ड आणि काचा यांची फडकी वेगवेगळ्या रंगांची ठेवावीत.

दर ठरवताना खर्च मोजावा. समजा एका गाडीचे १,५०० रुपये घेतले. रसायन आणि फडकी १५० रुपये, वीज-पाणी ५० रुपये, जागेच्या भाड्याचा वाटा १५० रुपये आणि मदतनीसाची मजुरी ३०० रुपये धरली, तर खर्च ६५० रुपये होतो आणि ८५० रुपये उरतात. यातले १०० रुपये दर गाडीमागे बाजूला टाकावेत. कधी हातून नुकसान झाले तर ते याच पैशांतून भरून देता येते. हे आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून दिले आहेत, आपल्या गावाचे आकडे आपण मांडावेत.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला केवळ सूचना द्यावी लागते, तीही ऑनलाइन. जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. २०१५ च्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते, पण त्यावर व्याज असते. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी आपल्या बचतीतून लहान सुरुवात करावी किंवा मुदारबतीचा मार्ग घ्यावा. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम, नफ्याचा वाटा आधी ठरलेला आणि कारागिराचा गुन्हा नसताना तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा. हा करार तोंडी न ठेवता दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावा.

शेवटी एवढेच

पहिल्या पाच गाड्या घरच्या, मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घ्याव्यात आणि त्या जुन्या असाव्यात. शक्य असेल तर एखाद्या उस्तादाच्या हाताखाली महिनाभर राहावे. शागीर्द होण्यात लाज नाही. प्रत्येक गाडीनंतर वहीत लिहावे : कोणते रसायन, किती प्रमाणात, किती वेळ, काय चुकले. सहा महिन्यांनी तीच वही तुमचा उस्ताद होईल.

स्वच्छता आपल्याकडे दीनाचा भाग आहे. जो कारागीर दुसऱ्याची गाडी आपल्या घरासारखी साफ करतो, सापडलेला रुपया परत देतो आणि चूक झाली तर तोंड लपवत नाही, त्याच्या दुकानाला पाटीची गरज पडत नाही. चमक दोन आठवड्यांत जाते, विश्वास मात्र पुढच्या पिढीपर्यंत पुरतो. आपले तरुण हे काम शिकतील, सुरक्षितपणे करतील आणि हलाल रोजी मिळवतील, इन्शाअल्लाह, अशी आम्हाला उमेद आहे.